काचेवरचे सहासष्ट

मामानं खिशातून रुमाल काढला, अण्णांच्या गाडीच्या मीटरवर पसरला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. मग वाकून, एक डोळा मिटून, काटा कुठून दिसतोय का ते तपासलं.

"पद्मा, तुझ्या बापाला सांग," तो मला म्हणाला, "आता चोरून बघायचं काम न्हाई. काचेवर दिसंल तेवढंच खरं."

अण्णा स्टीअरिंगवर हात ठेवून मामापासून दीड हातावर बसले होते. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडं. "पद्मा, तुझ्या मामाला सांग, भूपाल मगदूमनं एकतीस वर्षांत चोरून काही केलेलं नाही. आणि रुमाल धुतलेला आहे का, तेवढं विचार."

या दोघांचा छत्तीसचा आकडा होता. मामा नवरदेव होता तेव्हा त्याला मिरजेहून कोल्हापूरला मांडवात न्यायचं काम थोरले मेहुणे म्हणून अण्णांकडं आलं. अण्णांनी अडतीसच्या वेगानं नेलं. मुहूर्त टळला, भटजी चिडले, मामाचे सासरे भोवळ येऊन पडले. तेव्हापासून मामा आणि अण्णा एकमेकांशी थेट बोलत नव्हते. एकोणतीस वर्षं! आधी निरोप आई पोचवायची, मला बोलता यायला लागल्यावर ते खातं माझ्याकडं आलं.

आता तो रुमाल कशासाठी, ते सांगते. पंधरा-सोळा वर्षं झाली याला. मी सव्वीस वर्षांची होते, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या रिमोटचे सेल बदलत बसले होते. घरी मात्र मी एक यंत्र तयार केलं होतं. साबणाच्या डबीएवढं. ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं, त्यातून उजेड वर काचेवर पडायचा आणि गाडीचा वेग चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काचेवर तरंगायचा. मीटर बघायला मान खाली घालायला नको. लढाऊ विमानात असतं तसं.

"मान कुणाला खाली घालायला लागतीय, कळंलच की," असं मामा तेव्हाच म्हणाला होता.

कारण अण्णांच्या 'मगदूम मोटार ट्रेनिंग स्कूल'ला लागून त्यांचा एक गाळा रिकामा होता. मला तिथं ही यंत्रं तयार करायची होती. जयसिंगपूरच्या या आदगोंडा मामाला तिथं भडंगाचं दुकान काढायचं होतं. आई बिचारी एकाची बहीण, दुसरीची आई. शेवटी तिनं निकाल दिला. "शनिवारी तिघं गाडीतनं हातकणंगल्याला जाऊन या. मीटर झाका आणि घड्याळ लावा. जाता-येता यंत्रानं वेग बरोबर दाखवला तर गाळा पद्माला, नाहीतर आदगोंडाला. आणि मग पुन्हा माझं डोकं खायचं नाही कुणी."

म्हणजे एक तर गाळा, नाहीतर जन्मभर रिमोटचे सेल.

काचेवरचे आकडे मराठी हवेत, हा अण्णांचा हट्ट. शाळेच्या पाटीपासून पावतीपर्यंत त्यांचं सगळं मराठीत. मी एकेक ठिपका जुळवून आकडे बसवले. सहापर्यंत येता येता कंटाळले आणि तीनचाच आकडा डावीउजवीकडं फिरवून तिथं ठेवून दिला. दिसायला झकास! आदल्या दिवशी दुपारी यंत्र गाडीत ठेवलं आणि या दोघांच्या नावानं गंमत म्हणून एकच आकडा लावून बघितला, ३६. काचेवर स्वच्छ छत्तीस उमटला. म्हटलं, झालं काम.

तर निघालो. अण्णा चालवायला, मी त्यांच्या शेजारी, मामा मागं भडंगाची दोन किलोची पिशवी मांडीवर घेऊन. त्या काचेवरच्या आकड्याची गोम अशी, की तो फक्त चालवणाऱ्याच्या जागेवरूनच दिसतो. शेजारी बसून मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. अण्णा मोठ्यानं वाचतील त्यावरच भरवसा.

गल्लीतून बाहेर पडलो. अण्णा म्हणाले, "पद्मा, हे कानडी आहे का?"

"कानडी कसं असेल, अण्णा?"

"एक शून्य, पुढं काहीतरी वेटोळं. आता दुसरं वेटोळं."

मागून मामा अण्णांच्या खांद्यावर हनुवटी टेकण्याइतका पुढं आला. "पद्मा, तुझ्या बापाला सांग, मला कानडी वाचाय येतंय. कानडी असलं नसतंय."

"गावात गाडी सारखी थांबते ना, म्हणून गडबडतंय," मी ठोकून दिलं. "मोकळ्या रस्त्याला लागलो की स्थिर होईल."

अण्णांचा शिकवण्यातला पहिला धडा होता, 'पायावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.' आणि दुसरा, 'चाळीसच्या पुढं फक्त वय न्यावं, गाडी नाही.' शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं ते. एकतीस वर्षांत अण्णांनी स्वतः चाळीस ओलांडले नव्हते, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

गाव सुटलं. अण्णांनी जरा पाय दिला आणि एकदम ओरडले, "सहासष्ट!"

"काय?"

"सहासष्ट, सहासष्ट! देवा रे!" त्यांनी पाय काढला. "आता वेटोळं. आता सहा."

"सहासष्टचे एकदम सहा?" मी विचारलं.

"सहा! शून्य आणि सहा." पुन्हा हळूच पाय दिला. "वेटोळं. वेटोळं. सहासष्ट!"

मामा मागं खुशीत भडंग चावत होता, त्याचा नुसता कुरूमकुरूम आवाज. पण अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच व्हायला लागलं होतं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या. त्यांनी यावेळी पाय काढला नाही.

"पद्मा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "सहासष्ट इतकं मऊ असतं?"

"म्हणजे?"

"अगं, गाडी थरथरत नाही. काही नाही. मी उगीच एकतीस वर्षं घाबरलो की काय?"

आणि त्यांनी चक्क गुणगुणायला सुरुवात केली. मी त्यांना गाडीत गुणगुणताना कधीच पाहिलं नव्हतं. एवढ्यात मागून एक लुना आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर म्हातारा. टुरटुर करत आम्हाला ओलांडून पुढं गेली.

"बघ बघ!" अण्णा म्हणाले. "आपण सहासष्टनं चाललोय आणि हा पुढं! मरायचाय लेकाचा."

"पद्मा, तुझ्या बापाला सांग," मामा भडंगाचा बकाणा गिळून म्हणाला, "कॅन लावलेली लुना सहासष्टच्या पुढं जात न्हाई. जगात कुठंच न्हाई."

"पद्मा, तुझ्या मामाला सांग, हल्ली लुनेचं इंजिन सुधारलंय."

हातकणंगल्याला पोचलो तेव्हा अण्णा गाडीतून उतरले ते छाती काढून. टपरीवर चहा सांगितला आणि चहावाल्याला न विचारता म्हणाले, "मिरजेहून आलो. सहासष्टनं."

"अस्सं? मग किती वेळ लागला?"

"तास."

चहावाल्यानं गाळणं खाली ठेवलं. "तीस किलोमीटरला?"

"वाटेत म्हशी आडव्या आल्या होत्या," अण्णा म्हणाले. एकही म्हैस आडवी आली नव्हती.

मामानं मला टपरीच्या बाजूला ओढलं. "तास लागला, पद्मा. तीस किलोमीटर. तुझा डिप्लोमा काय म्हणतोय?"

डिप्लोमा काय म्हणणार! मला टपरीवरच कळलं होतं. यंत्र दुप्पट दाखवत होतं. कुठंतरी मी दोननं जास्त गुणलं असणार, असं वाटलं. तिथंच सांगायला हवं होतं. पण समोर अण्णा बशीतून चहा पीत होते, टपरीवरच्या बाकावर ऐसपैस बसून, अगदी विशीतले असल्यासारखे. आणि मला गाळा हवा होता. मी मनाशी म्हटलं, दुप्पट दाखवतंय म्हणजे गाडी उलट हळूच चाललीय, त्यात कुणाचं काय बिघडतंय?

"म्हशी होत्या, मामा," मी म्हणाले.

मामानं माझ्याकडं असं काही बघितलं, की आजही आठवलं तर लाज वाटते.

परत येताना मामा हटून पुढं बसला. यंत्राची तपासणी जवळून करायची म्हणे. मी मागं गेले. आता ट्रेनिंगच्या गाडीला डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. मामाला ते माहीत नव्हतं. तो पाय पसरून बसला.

गाडी निघाली. वेटोळी झाली, सहा झाले, सहासष्ट आले. अण्णा म्हणाले, "आता जरा पुढं नेऊन बघतो. सत्तर कसं लागतं ते तरी कळेल." आणि पाय दाबला.

"शेहेचाळीस," ते म्हणाले. "अरे?"

"काय झालं?"

"दाबतोय तशी उतरतेय. आता छत्तीस!" आणखी दाबला. "शून्य चार. पद्मा, गाडी ओढत नाहीये!"

मागच्या खिडकीतून मला उसाचे फड दिसत होते. ते ओढत नसलेल्या गाडीतून दिसतात तसे अजिबात दिसत नव्हते.

"अण्णा, पाय काढा जरा."

"पाय काढून कसं चालेल? वेटोळं आलंय! पेट्रोलमध्ये कचरा असणार, रेटून पुढं काढावा लागतो." इंजिन किंचाळत होतं. अण्णांच्या कानांनी अलीकडं दगा दिला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एका अण्णांना सोडून. "तीन! शून्य तीन! थांबतेय गाडी!"

मामानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. भडंगाची पिशवी त्याच्या मांडीवरून घरंगळून खाली गेली, तिकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो रस्त्याकडं बघायचा, मग अण्णांच्या खांद्यावर कलून काचेकडं बघायचा, मग पुन्हा रस्त्याकडं.

"हां, आली!" अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. "तेहतीसवर आली. स्थिर. गरीब गाय आहे बिचारी."

त्याच वेळी पुढच्या गावाच्या पाटीपाशी एक पोलीस हात वर करून रस्त्यात आला.

"दाजी, ब्रेक!" मामा ओरडला.

एकोणतीस वर्षांनी मामानं अण्णांना थेट हाक मारली होती. अण्णा इतके चकित झाले, की ब्रेक दाबायच्याऐवजी त्याच्या तोंडाकडंच बघत राहिले. मामानं घाबरून दोन्ही पाय ताणले आणि डावा ब्रेक बरोबर त्याच्या टाचेखाली आला. गाडी कचकन थांबली. भडंग सगळीकडं उडालं.

"माझ्या गाडीत माझा ब्रेक दाबलास?" अण्णा म्हणाले. तेही थेटच.

पोलीस खिडकीशी आला. त्याच्या हातात वेग मोजायची बंदूक होती. "काका, गावाची हद्द आहे, चाळीसची पाटी आहे, आणि तुम्ही..." मग त्यानं दारावरचं 'मगदूम मोटार ट्रेनिंग स्कूल' वाचलं आणि टाचा जुळवून उभा राहिला. "सर! तुम्ही? ओळखलं का? मुलाणी. बारा वर्षांपूर्वीच्या बॅचचा. तुमचं फाटक पाडलं होतं मी."

"ओळखलं की," अण्णा म्हणाले. "ब्रेक लागला नाही म्हणाला होतास."

"नव्हताच लागला, सर." मुलाणी लाजला. "पण सर, आज सहासष्ट? तुम्ही?"

"तेहतीस."

मुलाणीनं बंदुकीवरचा आकडा दाखवला. अण्णांनी तो बघितला. मग काचेकडं बघितलं, तिथं आता नुसतं शून्य होतं. "मी बघितलं ना स्वतः. काचेवर तेहतीस होतं."

"काचेवर?" मुलाणीचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "सर, राहू दे. पावतीचं सोडा. पण एक विचारू का? डोळे तपासलेत का हल्लीत? नाही म्हणजे, पोरांना शिकवता, गाडीत दुसऱ्यांची लेकरं असतात..."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि समोरच्या गावाची पाटी वाचायला लागले. ओठ हलत होते. एकेक अक्षर तपासत होते ते.

"नसेल दिसत मला नीट," ते म्हणाले. "बंद करायला पाहिजे शिकवणं."

मला ते बघवेना. मी दार उघडून पुढं धावले, खिडकीतून आत हात घालून यंत्र उचललं आणि पालथं केलं. खाली एक बारकी कळ होती. टेबलावर ठेवून तपासताना आकडे सरळ लागतात. गाडीत ठेवलं की काच आरशासारखी सगळं फिरवून दाखवते, म्हणून यंत्रानं आधीच फिरवून द्यावं लागतं. त्यासाठी ती कळ. ती टेबलाच्याच बाजूला होती. मी सरकवलीच नव्हती.

"अण्णांचे डोळे चांगले आहेत," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

कुणाला काही कळेना. मग मी मागच्या सीटवर चढले आणि मागच्या काचेच्या धुळीवर आतून बोटानं लिहिलं, ३३. "मुलाणी, बाहेरून वाचा."

"सहासष्ट," मुलाणी म्हणाला. मग धावत दाराशी येऊन आतून बघितलं. "तेहतीस! आयला!"

मी त्याखाली लिहिलं, ३६. मुलाणी बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. "छत्तीस. इकडनंही छत्तीस, तिकडनंही छत्तीस."

"म्हणूनच फसले," मी म्हणाले. "तपासायला नेमका तोच आकडा घेतला. कशीही काच धरली तरी तो बदलत नाही."

मामानं एकदा अण्णांकडं बघितलं, अण्णांनी एकदा मामाकडं.

"आणि अजून एक," मी म्हटलं. आता सांगायचंच तर सगळं. "हातकणंगल्यालाच मला कळलं होतं, काहीतरी बिघडलंय. मी मुद्दाम गप्प बसले. गाळ्यासाठी."

अण्णा गाडीतून उतरले. थोडा वेळ किलोमीटरच्या दगडावर जाऊन बसले. "म्हणजे जाताना सहासष्ट नव्हतं?"

"तेहतीस होतं."

"तरीच मऊ होतं." ते खट्टू झाले. मग मान वर केली. "आणि आत्ता?"

"आत्ता सहासष्ट होतं, अण्णा."

"खरोखरचं?"

"बंदुकीवर आहे की, सर," मुलाणी म्हणाला.

अण्णा उठायला गेले ते दगडावरून घसरलेच. मामानं धावत जाऊन त्यांना धरलं आणि मुलाणीनं पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर अण्णांनी पावती फाडायलाच लावली. मुलाणी नको नको म्हणत होता. अण्णा म्हणाले, "फाड. आणि सहासष्ट अक्षरी लिही. आकड्यांवर माझा विश्वास राहिला नाही."

मामानं मीटरवरचा रुमाल काढला, त्यानं स्वतःचा घाम पुसला आणि आम्ही पुन्हा निघालो. अण्णा अडतीसनं चालवत होते. पायाखाली भडंग वाजत होतं.

जयसिंगपूरच्या अलीकडं मामानं घसा खाकरला. "दाजी, बोललो न्हाई तर पोटात दुखंल. ठरल्याप्रमाणं यंत्र नापास हाय. अक्काला तसंच सांगायचं."

"तसंच सांगू," अण्णा म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होते. मला उद्याचं ते दुकान दिसत होतं, काउंटरवरचा रिमोटचा ढीग दिसत होता, आणि डोळे भरून आले होते.

"आदगोंडा," अण्णा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "एकतीस वर्षांत माझ्या हाताखालनं चार हजार पोरं गेली. किती जणांनी फाटक पाडलं, खांब पाडला, एकानं म्हसोबाचा कट्टा पाडला. सगळे काय म्हणाले? ब्रेक लागला नाही, क्लच अडकला, कुत्रं आडवं आलं. चूक माझी, असं खाली उतरून म्हणणारं आजवर एकसुद्धा भेटलं नाही. आज भेटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्र नापास. पोरगी पास. गाळा तिचा. कळ सरकवायला शिकेल ती."

मला हुंदका आवरला नाही. सव्वीस वर्षांची घोडी, पण मागच्या सीटवर बसून लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

मामानं खाली वाकून पायाशी पडलेली पिशवी उचलली, तळाशी उरलेलं भडंग हलवून बघितलं आणि पिशवी मागं माझ्या हातात दिली.

"खा," तो म्हणाला. "आता विकायचं कुठं?"